पेन्सिलीच्या टाचा

पत्र :

"बाई, माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. शंभरापर्यंत अंक न चुकता म्हणतो, छोट्या बेरजा तोंडी करतो. पण पट्टी हातात आली की सगळं बिघडतं. कधी पेन्सिल एकच्या रेघेवर ठेवतो, कधी पट्टीच्या काठाला लावतो आणि टोकाशी जो आकडा दिसेल तो सांगून मोकळा होतो. 'शून्यापासून धर' हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! परवा शून्यावर धरली, तर रेघा मोजत बसला आणि आठची पेन्सिल नऊ झाली. मग मी एकसारख्या दोन रिबिनी घेतल्या, एक सरळ ठेवली, दुसरी नागमोडी. तर म्हणाला, सरळ आहे तीच लांब. मी चिडले, त्याने पट्टी भिरकावली. ह्यांचं म्हणणं, रोज वीस गणितं सोडवून घे, आपोआप येईल. शेवटी रात्री झोपताना त्यानेच मला विचारलं, 'आई, शून्य पट्टीच्या अगदी टोकाला का नाही? पुढची जागा वाया का घालवली?' मला उत्तर देता आलं नाही. माझं कुठे चुकतंय? – एक आई"

प्रिय ताई,

पट्टी भिरकावून दिलेला मुलगा झोपताना त्याच पट्टीबद्दल असा प्रश्न विचारतो, यावरून मला तरी त्याची अजिबात काळजी वाटत नाही. त्या प्रश्नाला फार चांगलं उत्तर आहे. ते शेवटी देते.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या चुका आहेत. टोकाशी दिसेल तो आकडा सांगणं ही एक, रेघा मोजणं ही दुसरी आणि रिबिनीची तिसरी. "शून्यापासून धर" हे वाक्य पहिल्या चुकीवर मलमपट्टी करतं, पण दुसरीला हातही लावत नाही, हे तुम्ही स्वतःच पाहिलंत. त्याने तुमचं ऐकलं, शून्यावर पेन्सिल धरली, आणि तरीही नऊ आले. बिचाऱ्याने आणखी काय करायचं?

त्याच्या बाजूने बघू या. आजवर तो मोजत आला तो वस्तू. गोट्या, पुस्तकं, पायऱ्या. पहिल्या वस्तूवर बोट ठेवायचं आणि "एक" म्हणायचं. शून्यावर बोट ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. आता पट्टी हातात दिली, तर तिच्यावर ठळक दिसतं काय? काळ्या रेघा आणि काळे आकडे. त्याने त्याच मोजल्या. खरं मोजायचं असतं ते रेघांच्या मधलं अंतर, आणि ते पट्टीवर रिकामं, पांढरं किंवा पारदर्शक असतं. जे मोजायचं तेच डोळ्यांना दिसत नाही, अशी ही वस्तू आहे. आपल्याला सवयीने हे जाणवत नाही, पण सहा वर्षांच्या मुलाला ते कुणीतरी दाखवावंच लागतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं. फळ्यावर मोठी पट्टी काढून मी समजावत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, भिंती मोजायच्या की खोल्या?" त्या दिवसापासून मी दुसरे शब्द वापरलेच नाहीत. रेघा म्हणजे भिंती आणि मधल्या जागा म्हणजे खोल्या. एका ओळीत आठ खोल्या बांधल्या तर भिंती नऊ होतात. तुमच्या मुलाची नऊ सेंटीमीटरची पेन्सिल इथेच जन्माला आली. तो भिंती अगदी बरोबर मोजत होता.

तेव्हा छापील पट्टी दोन-चार दिवस बाजूला ठेवा आणि त्याच्याबरोबर एक पट्टी तयार करा. जाड कागदाची बारा सेंटीमीटर लांब आणि दोन-तीन सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. तिच्यावर एकेका सेंटीमीटरवर आडव्या रेघा तुम्हीच मारा, कारण लहान हातांना ते नेमकं जमत नाही. रंगवू मात्र त्याला द्या. एक खोली लाल, पुढची पिवळी, पुन्हा लाल. आकडे लिहायचे नाहीत. रंगवता रंगवताच खोल्या त्याच्या डोळ्यांत भरतात.

आता पेन्सिल त्या पट्टीशेजारी ठेवायची. इथे त्याला उंचीची आठवण करून द्या. दोन मुलं पाठीला पाठ लावून कोण उंच ते बघतात, तेव्हा एकाने जरा टाचा उचलल्या की दुसरा लगेच ओरडतो, "ए, खाली टेक!" सुरुवात सारखी हवी हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, फक्त तो नियम पेन्सिलीलाही लागू आहे हे त्यांना सुचत नाही. म्हणून "शून्यापासून धर"ऐवजी विचारा, "पेन्सिलीच्या टाचा टेकल्या का?" या प्रश्नावर मुलं स्वतःहून खाली वाकून बघतात. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. तोच हात, तीच पेन्सिल, पण सरकवण्यात एकदम काळजी येते.

टाचा टेकल्या की त्याचं बोट सुरुवातीच्या भिंतीवर ठेवा. तोंडाने काही म्हणायचं नाही. बोट पहिल्या खोलीतून सरकत जाऊ दे आणि पलीकडच्या भिंतीला टेकलं की "एक". पुन्हा सरकायचं, भिंत लागली की "दोन". आकडा म्हणायचा तो खोली पार झाल्यावर, ही एवढीशी गोष्ट फार महत्त्वाची आहे. घाईने ठिपक्यांवर टिचक्या मारल्यासारखं बोट उडवलं, तर तो पुन्हा भिंतीच मोजणार. सरकत्या बोटाला अंतर कळतं. दोन-तीन दिवस रबर, चमचा, चावी, जे हाताला लागेल ते असंच मोजू द्या. मोजण्याआधी अंदाज मात्र विचारा. "किती खोल्या लागतील?" अंदाज चुकला तर चुकू द्या, चौथ्या-पाचव्या वस्तूपासून तो आपोआप जवळ यायला लागतो.

मग एक दिवस म्हणा, "दर वेळी पहिल्यापासून मोजायचा कंटाळा येतो, नाही? आकडे लिहून ठेवू या का?" कुठे लिहायचे हे सांगू नका. बहुतेक तो खोलीच्या मधोमध लिहील, आणि ते चूक नाही. पहिली खोली, दुसरी खोली, असा त्याचा अर्थ होतो. मग विचारा, "एक खोली पूर्ण कुठे होते?" तो भिंतीवर बोट ठेवेल. तिथे एक लिहायचा. असं करत बारापर्यंत गेलात की सुरुवातीची भिंत तेवढी मोकळी राहते. "इथे काय लिहायचं? इथपर्यंत किती खोल्या झाल्या?" थोडा वेळ जाईल. जाऊ द्या, तुम्ही बोलू नका. "काहीच नाही," असं तो म्हणेल, आणि काहीच नाही हे कसं लिहायचं हे त्याला येतंच. इतके दिवस तुम्ही त्याला जे शून्य सांगत होतात, ते आता त्याने स्वतः लिहिलेलं असेल.

एकचा आकडा पहिल्या खोलीच्या शेवटी का, यावर तो अडला तर वाढदिवस उपयोगी पडतो. बाळ जन्मलं त्या दिवशी ते एक वर्षाचं नसतं. पहिलं वर्ष सुरू असतं, पण पूर्ण व्हायचं असतं. बारा महिने झाले की पहिला वाढदिवस. साडेसहा वर्षांच्या माणसाला हे लगेच पटतं, तो "साडे" सोडायला तयार नसतोच. पण हे सगळे दाखले एकाच दिवशी देऊ नका. खोल्या आणि टाचा पुरल्या तर वाढदिवसाची गरजही नाही.

आता यातला माझा सर्वांत आवडता भाग. त्याच्या पट्टीवरच्या पहिल्या तीन खोल्या कात्रीने कापून टाका. त्याला थोडं वाईट वाटेल, म्हणून हवं तर आधी दुसरी पट्टी करून ठेवा. आता पट्टी तीनच्या भिंतीपासून सुरू होते. तीच आठची पेन्सिल टाचा टेकवून ठेवायला सांगा. टोक अकरावर येईल आणि तो म्हणेल, "अकरा." चूक म्हणू नका. "मघाशी आठ होती ना? पेन्सिल वाढली का?" एवढंच विचारा आणि थांबा.

काही मुलं हसतात, काही पुन्हा पुन्हा आकडा बघतात, काही रागावतात. बहुतेक जण शेवटी बोट सरकवून खोल्या मोजतात आणि आठ आले की चमकतात. टोकाशी लिहिलेला आकडा म्हणजे लांबी नव्हे, हे त्यांना तिथे कळतं. अकरातून तीन वजा करायचे हे त्याला आत्ता सांगू नका. पाच-सहा वेळा तुटकी पट्टी वापरली की कुठल्यातरी दिवशी तो स्वतःच म्हणेल, "तीन खोल्या नाहीतच ना!" तो क्षण त्याच्याकडून हिरावून घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

तुटकी पट्टी म्हणजे मुलांचा गोंधळ वाढवणं, असं तुमच्या घरी कुणी म्हणालं तर १९९३ सालचा एक अभ्यास सांगा. टेरेझिन्हा न्यून्स, पॉल लाइट आणि जॉन मेसन यांनी लहान मुलांच्या जोड्या करून प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. दोघांच्या कागदांवरच्या रेघा सारख्या लांबीच्या आहेत का, हे त्यांनी फोनवर बोलून ठरवायचं होतं. काहींना मोजायला नुसती दोरी दिली होती, काहींना चांगली पट्टी, काहींना सुरुवातीचा भाग नसलेली तुटकी पट्टी. तुटकी पट्टीवाल्या मुलांचंही काम दोरीवाल्यांपेक्षा चांगलं झालं. म्हणून लहान मुलांच्या हाती पट्टी देऊच नये, आधी वर्षभर विती आणि पावलंच मोजावीत, हे मला पटत नाही. वीत जरूर मोजावी. तुमची वीत आणि त्याची वीत वेगळी, म्हणून टेबल तुमच्या सहा विती भरतं आणि त्याच्या नऊ, हा घोळ त्याने एकदा अनुभवावाच. सगळ्यांसाठी एकच माप का लागतं, हे त्यातूनच कळतं. पण तेवढ्यासाठी पट्टी लपवून ठेवायला नको.

रोजच्या वीस गणितांबद्दल. सरावाला माझा विरोध नाही. पण त्या गणितांची पानं एकदा नीट बघा. चित्रातली पेन्सिल बहुतेक ठिकाणी आधीच शून्यावर ठेवलेली असते. मुलाने फक्त उजव्या टोकाचा आकडा वाचायचा. अशी वीस काय, दोनशे गणितं सोडवली तरी मोजणं येणार नाही, आकडा वाचणं येईल. उलट "टोकाचा आकडा हेच उत्तर" ही समजूत रोज वीसदा घट्ट होईल. मुलाच्या बाबांना गणितं करून घ्यायचीच असतील तर त्यांनी खऱ्या वस्तू घ्याव्यात, आणि मधूनमधून स्वतःच पेन्सिल दोनवर किंवा पाचवर ठेवून विचारावं, "मी सांगतो ही तेरा सेंटीमीटर, बरोबर आहे?" मोठ्यांची चूक पकडायला मुलांना जो हुरूप येतो, तो वीस गणितांत येत नाही.

आता रिबिनी. इथे तुम्ही रागावलात याचं मला थोडं वाईट वाटलं, कारण यात त्याची चूक काहीच नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी विसाव्या शतकात लहान मुलांबरोबर हेच करून पाहिलं होतं. सारख्या दोन काड्या शेजारी ठेवल्या की मुलं म्हणत, सारख्या. एक जरा पुढे सरकवली की म्हणत, ही लांब. हे वयच तसं आहे. डोळा टोकं बघतो, मधला सगळा मार्ग बघत नाही. सरकवली किंवा वाकवली तरी लांबी तीच राहते, हे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पक्कं होत जातं, कुणाचं आधी, कुणाचं नंतर. वाद घालून ते लवकर होत नाही. त्यापेक्षा नागमोडी रिबिनीच्या एका टोकाशी एक मुंगी काढा, सरळ रिबिनीच्या टोकाशी दुसरी, आणि विचारा, "कुणाला जास्त चालावं लागेल?" मग बोटाची मुंगी करून दोन्ही वाटा चालू द्या. शेवटी नागमोडी रिबीन त्यानेच सरळ करायची. परत वाकवल्यावर तो पुन्हा "ही छोटी झाली" म्हणाला तरी ऐकून घ्या आणि महिन्याभराने पुन्हा मुंगी काढा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. आपण मुलांशी बोलताना सगळ्याला "मोठं" आणि "छोटं" म्हणतो. मोठी पेन्सिल म्हणजे लांब की जाड? मोठा डबा म्हणजे उंच की रुंद? मुलाने जाड पेन्सिलीला मोठी म्हटलं आणि आपण चूक धरली, तर चूक आपल्या शब्दाची असते. लांब आणि आखूड, उंच आणि बुटका, रुंद आणि अरुंद, जाड आणि बारीक, हे शब्द घरात मुद्दाम वापरा. "आखूड" तर आता मुलांच्या कानावर फारसा पडतच नाही. आणि मराठीची एक मौज बघा, दोरी लांब असते आणि शाळाही लांब असते. एका टोकापासून दुसरं टोक किती लांब आहे, तीच त्या वस्तूची लांबी. मुलांना हे सांगितलं की त्यांना ते खोल्यांइतकंच आवडतं.

तुलनेत पुढे एक खड्डा येईल, तो आत्ताच दाखवून ठेवते. नऊ सेंटीमीटरची पेन्सिल आणि सहाचा खडू समोर ठेवून "पेन्सिल कितीने लांब?" असं विचारलं की मुलं ठामपणे सांगतात, "नऊ." "किती लांब" आणि "कितीने लांब" यांत आपल्या दृष्टीने एका "ने"चा फरक, पण त्यांच्या कानाला दोन्ही एकच. तिथे वजाबाकी शिकवायला बसू नका. दोघांच्या टाचा एका रेषेत टेकवा, खडू जिथे संपतो तिथे कागदाचा कपटा आडवा धरा आणि पलीकडे डोकावणाऱ्या पेन्सिलीकडे बोट दाखवा : "एवढीने." त्या तुकड्याच्या खोल्या तो मोजेल. तीन. आकड्यांची वजाबाकी नंतर येऊन याच तुकड्यावर बसेल.

काही बारीकसारीक. गोल पेन्सिल घरंगळते आणि सगळा जीव ती धरण्यात जातो, म्हणून सुरुवातीला चपट्या वस्तू घ्या आणि पट्टी टेबलावर चिकटवून टाका. छापील पट्टीवर दुसऱ्या कडेला इंच असतील तर ती कड कागदी चिकटपट्टीने झाका. एका इंचात २.५४ सेंटीमीटर असतात, हा व्यवहार त्याला आत्ता नको. मिलिमीटरही नकोत. "आठ आणि थोडं", "नऊला जरासं कमी", ही उत्तरं या वयात उत्तम उत्तरं आहेत. पट्टी तिरकी करून बाजूने बघितलं तर आकडा सरकल्यासारखा वाटतो, तेव्हा वरून सरळ बघायला सांगा.

त्याने भिरकावलेल्या पट्टीबद्दल त्याला पुन्हा काही बोलू नका. कागदाची पट्टी करायला घेताना एवढंच म्हणा, की त्या दिवशी तू भिंती बरोबर मोजल्या होत्यास, मला खोल्या दाखवायच्या राहून गेल्या.

आणि आता त्याचा प्रश्न. पट्टीचा कोपरा हीच तिची सर्वांत आधी झिजणारी जागा. दप्तरात घासते, जमिनीवर पडते, टवका उडतो. शून्य अगदी काठावर असतं तर काठ झिजताच पहिली खोली आखूड झाली असती आणि पुढची सगळी मापं चुकली असती. म्हणून शून्य जरा आत घेतात. ती जागा वाया घालवलेली नाही, शून्याला सांभाळायला ठेवलेली आहे. ज्या पट्ट्यांना किंवा मोजफितींना शून्य काठावरच असतं, तिथे काठ जपावा लागतो. पोलादी मोजफितीच्या टोकाचा हूक तर जरासा हलतो, आणि तो मोडला म्हणून नव्हे. अडकवून मोजलं काय किंवा टेकवून मोजलं काय, हूकच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. घरात मोजफीत असेल तर त्याला तो हलवून बघू द्या.

हाच विचार मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही करावा लागला होता, हे त्याला जरूर सांगा. फ्रान्समध्ये १७९९ साली सगळ्यांसाठी एक मीटर ठरवला, तेव्हा प्लॅटिनमची एक सपाट पट्टी केली. तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटर. पण टोकं वापरून झिजण्याची भीती होती. पुढे १८८९ साली प्लॅटिनम आणि इरिडियमचा नवा दांडा जगाचं प्रमाण म्हणून मान्य झाला, तेव्हा तो मीटरपेक्षा थोडा लांब ठेवला आणि मीटर धरला तो टोकांच्या आत कोरलेल्या दोन रेघांमधलं अंतर. दोन भिंती आणि मधली एक लांबच लांब खोली. १९६० सालापर्यंत जगाचा मीटर त्याच दोन रेघांमध्ये होता. आता तो प्रकाशाच्या वेगावरून ठरवतात, पण ती गोष्ट तो थोडा मोठा झाल्यावर.

उद्या त्याची ती भिरकावलेली पट्टी घ्या आणि तिचे चारही कोपरे त्याला बोटाने चाचपू द्या. एखादा घासलेला नक्की सापडेल. मग शून्य कुठे आहे, ते त्यालाच बघू द्या.

तुमची,
बाई